अमानो कोळंबीचे डिंभ घरी वाढवताना : पुण्यातील एका हिवाळ्याच्या नोंदी

टाकीतील शेवाळ खाते म्हणून अनेकांनी आणलेली अमानो कोळंबी, म्हणजे कॅरिडिना मल्टिडेंटाटा, प्रौढ वयात पूर्णपणे गोड्या पाण्यात राहते. तिचे डिंभ, म्हणजे अंड्यांतून नुकतीच बाहेर पडलेली, पूर्ण रूप न आलेली पिल्ले, मात्र खाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत. जपानमधील नद्यांत अंड्यांतून बाहेर पडलेले डिंभ प्रवाहाबरोबर समुद्रापर्यंत वाहत जातात, तेथे वाढतात आणि रूपांतर झाल्यावर पिल्ले पुन्हा नदी चढू लागतात. त्यामुळे चेरी कोळंबीप्रमाणे हिची संख्या टाकीत आपोआप वाढत नाही आणि अंडी धरलेली मादी दिसल्यावर होणारा आनंद बहुतेक घरांत दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. हा उद्योग करू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून कामाच्या नोंदी ठेवल्या आहेत. जीवशास्त्र आवश्यक तेवढेच आले आहे.

५ नोव्हेंबर २०२३

साठ लिटरच्या रोपांच्या टाकीत आठ-दहा अमानो आहेत. अंगावरील ठिपक्यांची सर्वांत खालची ओळ पाहिली की नर-मादी ओळखता येतात. मादीच्या अंगावर त्या ओळीत लांबट रेघा असतात आणि नराच्या अंगावर सुटे गोल ठिपके. सध्या दोन माद्यांनी अंडी धरली आहेत. एकीची अंडी गडद हिरवट, म्हणजे ताजी आहेत. दुसरीची फिकट तपकिरी झाली असून भिंगातून पाहिल्यास त्यांत डोळ्यांचे बारीक काळे ठिपके दिसू लागले आहेत.

मादीला फार लवकर वेगळे केले आणि त्या धक्क्याने तिने कात टाकली, तर अंडी कातीबरोबरच जातात. म्हणून डोळे स्पष्ट दिसेपर्यंत तिला मूळ टाकीतच राहू द्यायचे ठरवले आहे. हलवताना जाळीऐवजी काचेचा वाडगा वापरायचा, कारण जाळीत तिची धडपड जास्त होते. वेगळ्या भांड्यावर झाकण हवेच. अमानो उडी मारण्यात तरबेज असते आणि पाणी बदलल्यानंतरच्या पहिल्या रात्री तर हमखास उडी मारते.

१६ नोव्हेंबर

पाडव्याला सासुरवाडीला, हरिहरेश्वरला जाणे झाले. त्या निमित्ताने तीन कॅन समुद्राचे पाणी आणले. अमावास्येनंतरचे उधाण होते, म्हणून भर भरतीच्या वेळी पाणी घेतले. तरीही घरी मोजल्यावर क्षारता दर हजारी २९, म्हणजे किलोभर पाण्यात २९ ग्रॅम क्षार, एवढीच भरली. सावित्री नदी तेथेच समुद्राला मिळते आणि पावसाळा संपून फार दिवस झालेले नाहीत, हे लक्षात घेता त्यात नवल नाही. नदीच्या मुखापासून दूर, उघड्या किनाऱ्यावर पाणी घेणे योग्य ठरले असते. हे पाणी जाड कापडातून गाळून काळ्या पिशवीने झाकून ठेवले आहे आणि ते फक्त डिंभांचे खाद्य असलेले शैवाल वाढवण्यासाठी वापरणार आहे. डिंभांसाठी कृत्रिम सागरी मीठ घेतले. साधे खाण्याचे किंवा जाडे मीठ या कामाला चालत नाही, कारण डिंभांना समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षारही लागतात. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ घातले की क्षारता दर हजारी ३५ च्या जवळ जाते.

क्षारता मोजण्यासाठी घेतलेल्या स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बॅटरीत घालण्याच्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य जुळवून घेतले, तरी वरच्या टोकाला तो चुकीचा आकडा दाखवू शकतो, कारण यातील पुष्कळ उपकरणे समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे तर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात. शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि डिस्टिल्ड पाणी ९६३.५ ग्रॅम असे वजनाने मिसळले, तर त्या द्रावणाचा आकडा दर हजारी ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतका दिसावा लागतो. माझे उपकरण जवळजवळ दीडने जास्त दाखवत होते.

क्षारता किती ठेवावी याबद्दल आपल्याकडे मिळणारे सल्ले बहुधा मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी या गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीच्या बीज-केंद्रांवरून आलेले असतात. तिच्या डिंभांनाही खारे पाणी लागते, हे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मलेशियात मत्स्यशास्त्रज्ञ एस. डब्ल्यू. लिंग यांनी दाखवून दिल्यानंतरच तिचे बीज तयार करणे शक्य झाले. परंतु तिच्या डिंभांना दर हजारी १२ ते १५ एवढे निमखारे पाणी पुरते. तो आकडा अमानोला लावू नये. मी ३२ ते ३४ ठेवणार आहे.

१९ नोव्हेंबर

पहिल्या मादीने काल रात्री डिंभ सोडले. सकाळी भांड्यात दीड-दोन मिलिमीटरचे, जवळजवळ पारदर्शक असे शेकडो ठिपके डोके खाली ठेवून, झटके देत तरंगताना दिसले. मादीला ताबडतोब मूळ टाकीत परत पाठवले.

डिंभ उजेडाकडे धावतात. भांड्यावर काळे कापड टाकून एका कोपऱ्याशी बॅटरी धरली की थोड्याच वेळात सर्वजण तेथे गोळा होतात आणि हवेच्या पंपाच्या बारीक नळीने थोड्या पाण्यासह त्यांना ओढून घेता येते. खारे पाणी थेंबाथेंबाने घालण्यासाठी औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला. त्याच्या चाकाने थेंबांचा वेग जसा नेमका ठेवता येतो, तसा मत्स्यालयाच्या दुकानातील प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हने येत नाही; किंमतही कमी. निम्म्या डिंभांना अशा प्रकारे दोन-तीन तासांत खाऱ्या पाण्यावर आणले आणि उरलेल्यांना पाहण्यासाठी म्हणून सरळ खाऱ्या पाण्यात सोडले. संध्याकाळपर्यंत दोन्हींत काहीच फरक दिसला नाही. गोड्या पाण्यात हे डिंभ काही दिवसच तग धरतात, म्हणून क्षारता हळू वाढवण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्यांना लवकर हलवणे महत्त्वाचे आहे.

भांडे म्हणून पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार वरून कापून घेतला आहे. त्यात पंधरा लिटर पाणी आहे. हवेच्या नळीला दगड लावलेला नाही. उघड्या नळीतून सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे येतील एवढीच हवा सोडली आहे. दगडाच्या बारीक बुडबुड्यांबरोबर डिंभ पृष्ठभागावर जातात आणि तेथील पापुद्र्यात अडकून मरतात.

२४ नोव्हेंबर

पहिली तुकडी संपली.

जिवंत शैवाल तयार नसल्याने स्पायरुलिना या शैवालाची वाळवलेली पूड आणि चिमूटभर यीस्ट पाण्यात घोटून दिवसातून तीनदा देत होतो. पहिल्या दोन दिवसांत डिंभ चपळ होते. तिसऱ्या दिवशी पाणी धुरकट झाले, तळाशी करडा थर जमला आणि भांड्याला वास येऊ लागला. निम्मे पाणी बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पूड पाण्यात तरंगत राहत नाही, तळाशी बसते आणि जे डिंभ पाण्याच्या मधल्या थरात राहतात त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच सडते. मात्रा कमी केली तर उपासमार आणि वाढवली तर सडलेले पाणी, यांच्यामधली जागा फार अरुंद आहे. पुडीवर पिल्ले वाढवणारे लोक आहेत, त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. परंतु नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्याला तो मार्ग सुचवणार नाही.

शेवटच्या काही डिंभांना काचेच्या पट्टीवर घेऊन भिंगाखाली पाहिले. पारदर्शक शरीरातून अन्ननलिका स्पष्ट दिसते. एकाच्याही पोटात रंगाची रेघ नव्हती. म्हणजे पाणी बिघडण्याच्या आधीपासूनच ते उपाशी होते. यापुढे ते पोहतात कसे यापेक्षा पोटातील ही रेघ रोज पाहायची.

२८ नोव्हेंबर

दुसरी मादी डिंभ सोडेपर्यंत अजून दोन-तीन आठवडे आहेत. थंडी वाढल्यामुळे तिची अंडी सावकाश पिकत आहेत, हे या वेळी पथ्यावर पडले. तोपर्यंत शैवाल तयार झाले नाही तर तिला हातच लावायचा नाही, असे ठरवले आहे.

मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या एका ओळखीच्या विद्यार्थ्याकडून टेट्रासेल्मिसचे बियाणे मिळाले, साधारण पाऊण कप. हे एकपेशीय हिरवे शैवाल आहे. पेशींना केसासारख्या शेपट्या असल्याने त्या पाण्यात पोहत राहतात आणि लगेच तळाशी बसत नाहीत. डिंभांसाठी हेच गुण हवे आहेत. नॅनोक्लोरोप्सिस हे दुसरे शैवाल अधिक सहज मिळते, परंतु त्याच्या पेशी फार लहान असतात.

हरिहरेश्वरच्या पाण्यात सागरी मीठ घालून क्षारता थोडी वाढवली आणि पाणी निर्जंतुक केले. उकळले तर समुद्राच्या पाण्यातील काही क्षार पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतात, म्हणून उकळण्याऐवजी लिटरला एक मिलिलिटर या प्रमाणात घरगुती ब्लीच घालून पाणी रात्रभर ठेवले. सकाळी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, क्लोरीन मारले. क्लोरीन खरोखर गेले का हे पाहण्यासाठी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक वापरतात तीच ओ.टी. चाचणी वापरली; पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. पहिल्यांदा ते चांगलेच पिवळे झाले, म्हणून आणखी हायपो घालावा लागला. ही चाचणी न करता बियाणे ओतले असते तर सगळे त्याच दिवशी पांढरे पडले असते.

बियाण्याचे तीन भाग केले आणि तीन बाटल्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. एक बाटली एका मित्राच्या घरी दिली आहे. एका खोलीतील सर्व बाटल्या एकदम बिघडू शकतात.

८ डिसेंबर

शैवालाला खत म्हणून बीज-केंद्रांत वापरतात ते शेतीचे मिश्रण दिले : लिटरला अमोनियम सल्फेट १०० मिलिग्रॅम, सुपर फॉस्फेट १० मिलिग्रॅम आणि युरिया १० मिलिग्रॅम. कृषी सेवा केंद्रातून ही खते सुटी घेतली तर खर्च नगण्य येतो. दुकानदाराने एकरी प्रमाण विचारले. दहा लिटरसाठी हवे आहे म्हटल्यावर त्याने पैसेच घेतले नाहीत.

पाच-सहा दिवस बाटल्यांमध्ये काहीच बदल दिसला नाही आणि नंतर दोन दिवसांत पाणी गर्द हिरवे झाले. दिवसातून दोनदा बाटल्या हलवाव्या लागतात, नाहीतर पेशी तळाशी बसतात. उजेडासाठी साधी वीस वॅटची एलईडी पट्टी दिवसाचे सोळा तास लावली आहे. खिडकीतल्या उन्हात ठेवलेली बाटली दुपारी तापली आणि पिवळी पडली, म्हणून ती काढून टाकली.

१७ डिसेंबर

दुसऱ्या मादीने रात्री डिंभ सोडले. या वेळी अंदाजे हजारभर असावेत. मोजण्याचा प्रयत्न केला नाही. खाऱ्या पाण्यात थेट हलवले. क्षारता ३३, तापमान २४ अंश. भांड्याच्या चारही बाजूंना काळा कागद लावून उजेड फक्त वरून दिला आहे, कारण बाजूने उजेड आला की सगळे डिंभ त्या भिंतीला डोके आपटत राहतात.

हिरवे पाणी किती घालायचे यासाठी पाण्याने भरलेल्या काचेच्या एका बरणीमागे वर्तमानपत्र धरून प्रमाण ठरवले : बरणीतून मथळा वाचता यावा, पण खालचा मजकूर वाचता येऊ नये, एवढी हिरवट झाक. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणाऱ्यांना हे अडाणीपणाचे वाटेल. काम मात्र भागते.

संध्याकाळी पाच-सहा डिंभ पट्टीवर घेतले. डोक्याच्या भागापासून शेपटीपर्यंत सुईच्या टोकाने काढल्यासारखी बारीक, सलग हिरवी रेघ होती.

१९ डिसेंबर

रेघ आहे, तरीही मरत आहेत. सकाळी तळाशी बरेच पांढरे ठिपके दिसले. पाणी स्वच्छ, वास नाही, क्षारता बरोबर. अमोनियाची चाचणी केली तर रंग लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खुणेपर्यंत गेला.

कारण शैवालातच होते. दोन दिवसांत सुमारे दोन लिटर हिरवे पाणी जसेच्या तसे ओतले गेले आणि त्याबरोबर शैवालाने न वापरलेले अमोनियम सल्फेटही आले. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर असतो आणि सामू जितका जास्त तितका अमोनियमचा मोठा भाग विषारी अमोनियाच्या रूपात जातो. बीज-केंद्रांतील मोठ्या टाक्यांत शैवाल पूर्ण वाढेपर्यंत थांबून खत संपू देतात, आणि पाण्याचे प्रमाणही वेगळे असते. पंधरा लिटरच्या जारमध्ये ही पद्धत धोक्याची आहे.

दुपारपर्यंत दोन-तृतीयांश पाणी बदलले. नळीच्या तोंडाला बारीक जाळीचे कापड बांधून, त्याच क्षारतेचे आणि तापमानाचे ताजे पाणी सलाइनच्या नळीने हळूहळू घातले. निदान निम्मे डिंभ या दोन दिवसांत गेले असावेत.

२१ डिसेंबर

दोन बदल केले. पहिला, हिरवे पाणी थेट ओतणे बंद. त्याची बाटली रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की पेशी तळाशी बसतात. वरचे पाणी अलगद काढून टाकायचे आणि खालचा गर्द हिरवा साका नव्या खाऱ्या पाण्यात मिसळून तोच डिंभांना द्यायचा. अशी बाटली काही दिवस फ्रिजमध्ये चांगली राहते, त्यामुळे रोज नवीन तयार करावे लागत नाही.

दुसरा बदल खताचा. गिलार्ड आणि रायदर या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये दिलेल्या, शैवाल वाढवण्याच्या माध्यमाची निम्मी मात्रा, जी एफ-बाय-टू म्हणून ओळखली जाते, ती सुरू केली. तीत नत्र अमोनियमऐवजी नायट्रेटच्या रूपात असते : लिटरला सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ मिलिग्रॅम, त्याशिवाय सूक्ष्म धातू आणि ब-१, ब-१२ व बायोटिन ही जीवनसत्त्वे. सिलिकेट फक्त डायटॉम या कवचधारी शैवालासाठी लागते, ते वगळले. बायोटिन मिळाले नाही. ब गटाच्या इंजेक्शनची कुपी पातळ करून ब-१ आणि ब-१२ ची गरज भागवली आणि टेट्रासेल्मिसने तक्रार केली नाही.

सूक्ष्म धातूंत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असते हे वाचून कोळंबी पाळणारे घाबरतात, कारण तांबे कोळंबीला मारते. येथे त्याचे प्रमाण लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि साका वेगळा केल्यावर तेही जवळजवळ राहत नाही. तांब्याच्या भागांतून येणारे गिझरचे पाणी कोळंबीच्या टाकीत घालणारे लोक मोरचुदाची चर्चा करतात, तेव्हा गंमत वाटते.

३० डिसेंबर

मरणे थांबले आहे. डिंभ साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आहेत आणि डोळ्यांचे देठ ठळक दिसतात. पुण्यात रात्री थंडी वाढली असून घरातही तापमान पहाटे एकोणीस-वीसपर्यंत उतरते. हीटर थेट जारमध्ये ठेवायचा नाही, कारण डिंभ त्याला चिकटून भाजतात आणि एवढ्या लहान भांड्यात तापमान अचानक चढते. जार मोठ्या टबमधील पाण्यात उभा केला, हीटर टबमध्ये ठेवला आणि २५ अंशांवर लावला. तेव्हापासून पहाटेचे तापमानही चोविसाच्या खाली गेले नाही.

हिवाळ्यातील कोरड्या हवेने बाष्पीभवन बरेच होते. झाकण न ठेवता दोन दिवसांत क्षारता ३३ वरून ३६ वर गेली. आता वर प्लॅस्टिकचा कागद ताणून लावला आहे आणि जारवर पाण्याच्या पातळीची खूण केली आहे. पातळी उतरली की खूण येईपर्यंत फक्त गोडे, क्लोरीन काढलेले पाणी घालायचे.

६ जानेवारी २०२४

काल रात्री बैठकीच्या खोलीत डास मारण्याचे लिक्विड मशीन लावले गेले. हवेचा पंप त्याच खोलीत आहे. या यंत्रांतील पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशके कीटकांइतकीच कोळंबीवर्गीय जिवांनाही घातक असतात आणि पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो. सकाळी डिंभ तळाजवळ वेडेवाकडे फिरत होते. मशीन बंद केले, खिडक्या उघडल्या, पंप बाल्कनीत ठेवून लांब नळी आत घेतली आणि निम्मे पाणी बदलले. त्यांना डासांच्या औषधाचाच त्रास झाला हे सिद्ध करता येणार नाही, परंतु संध्याकाळपर्यंत ते पूर्ववत पोहू लागले. घरातील सर्वांनी आता मच्छरदाणी स्वीकारली आहे, काहींनी नाइलाजाने.

१५ जानेवारी

सांगण्यासारखे विशेष काही नाही. दोन दिवसांआड तळाचा गाळ नळीने काढतो आणि एक-दीड लिटर पाणी बदलतो. वर आलेले पाणी पांढऱ्या ताटात ओतून बॅटरीच्या उजेडात पाहावे लागते, कारण दर वेळी दोन-चार डिंभ त्यात येतातच. त्यांना ड्रॉपरने परत सोडतो. वीज दोनदा गेली. बॅटरीवर चालणारा पंप आधीच घेऊन ठेवला होता.

मित्राच्या घरची शैवालाची बाटली उपयोगी पडली. येथील दोन बाटल्यांपैकी एकीत बारीक, वेगाने फिरणारे एकपेशीय प्राणी शिरले आणि तीन दिवसांत हिरवे पाणी पारदर्शक झाले.

२५ जानेवारी

सकाळी एक डिंभ जारच्या भिंतीला चिकटलेला दिसला. आधी मेला असे वाटले. भिंगाने पाहिल्यावर तो पायांवर उभा राहून पुढच्या दिशेने चालत होता आणि लहान चिमट्यांनी भिंतीवरचा हिरवा थर खरवडून तोंडात घालत होता. लांबी पाच मिलिमीटरच्या आसपास. शरीर अजून पारदर्शक, पण पाठीचा बाक नाहीसा झालेला. डोके खाली ठेवून मागे-मागे तरंगणे संपले की रूपांतर झाले असे समजावे. संध्याकाळपर्यंत आणखी दोन तसेच चालताना दिसले.

सर्व डिंभ एकाच दिवशी रूपांतरित होत नाहीत. इतरांना अजून काही आठवडे लागू शकतात, आणि ज्यांचे झाले आहे त्यांना खाऱ्या पाण्यात फार दिवस ठेवले तर ती मरतात. त्यामुळे रोज चालणारी पिल्ले निवडून वेगळी काढावी लागतील.

३ फेब्रुवारी

चालणारी पिल्ले काढण्यासाठी जाळी निरुपयोगी आहे. ती भिंत घट्ट धरून बसतात आणि ओढले तर पाय तुटतात. मोठ्या तोंडाचा ड्रॉपर अगदी जवळ नेऊन एकदम पाणी ओढले की पिल्लू त्याबरोबर येते. पहिली तुकडी एका तासात गोड्या पाण्यावर आणली, त्यातील काही दुसऱ्या दिवशी मेली. नंतर सलाइनच्या नळीने तेच काम पाच-सहा तासांत केले आणि मृत्यू जवळजवळ थांबले. डिंभांना गोड्यातून खाऱ्यात जाताना घाई चालली. पिल्लांना उलट प्रवासात ती चालत नाही, असे माझ्या भांड्यात तरी दिसले.

त्यांच्यासाठी ठेवलेली गोड्या पाण्याची टाकी दोन महिने चालू असलेली, जुना स्पंज फिल्टर आणि काचेवर शेवाळाचा थर असलेली आहे. तिची काच मुद्दाम पुसली नाही. नवी, स्वच्छ टाकी या पिल्लांच्या दृष्टीने रिकामे ताट आहे. त्यात मासे नाहीत. गप्पीसुद्धा एवढी लहान कोळंबी सोडत नाही.

११ फेब्रुवारी

जारमध्ये दहा-बाराच डिंभ उरले असून ते अजून तरंगतात. त्यांच्यासाठी सगळी व्यवस्था चालू ठेवायची का, असा प्रश्न होता. शैवालाचा साका फ्रिजमध्ये आहेच, म्हणून ठेवली.

१८ फेब्रुवारी

गोड्या पाण्याच्या टाकीत चाळीसच्या आसपास पिल्ले आहेत. नेमकी संख्या सांगता येत नाही, कारण पारदर्शक पिल्ले काच सोडून रोपांत गेली की दिसत नाहीत. सर्वांत मोठी सेंटिमीटरभर झाली असून तिच्या अंगावर बाजूचे ठिपके उमटू लागले आहेत.

खर्च असा झाला : रिफ्रॅक्टोमीटर १,४०० रुपये, चार किलो सागरी मीठ १,६०० रुपये, अमोनियाचा चाचणी संच ६५० रुपये, बॅटरीचा पंप ७०० रुपये, एफ-बाय-टूची रसायने ९०० रुपये, दिवा, नळ्या, जार आणि किरकोळ वस्तू मिळून आणखी हजारभर. रसायनांचा खर्च वस्तुतः काही रुपयांचाच आहे, पण प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात छोटी पाकिटे मिळत नाहीत. उरलेल्या सोडियम नायट्रेटवर पुढील कित्येक वर्षे शैवाल वाढवता येईल. एकूण सव्वासहा हजारांच्या वर गेले. शंभर-सव्वाशे रुपयांना एक या भावाने तेवढीच कोळंबी बाजारातून पाच हजारांत आली असती, आणि हिवाळाभर घरातले फ्रिज हिरव्या बाटल्यांनी भरले नसते.

पहिल्या मादीने पुन्हा अंडी धरली आहेत. मार्चमध्ये घरातील तापमान तिशीकडे जाईल. ते खाली ठेवण्याची सोय माझ्याकडे नाही, त्यामुळे ही अंडी मूळ टाकीतच राहू देणार आहे. शैवालाच्या दोन बाटल्या मात्र दर पंधरा दिवसांनी नव्या माध्यमात हलवत ठेवणार, एक येथे आणि एक मित्राकडे, म्हणजे पावसाळा संपताच बियाणे शोधत फिरावे लागणार नाही.